हिरवी गोरी

आमचे घरमालक चहाचा कप हातात आला की आधी त्याचं बुड पाहायचे. स्वतःच्या घरी पाहायचेच, दुसऱ्याच्या घरी तर हमखास. सौंसरला एकदा कोणाच्या तरी साखरपुड्यात त्यांनी भरलेला कप डोक्याच्या वर धरून खालून पाहिला आणि अर्धा चहा नवऱ्या मुलाच्या मामाच्या पांढऱ्या पायजम्यावर गेला. मामा ओरडले, बाया तोंडाला पदर लावून हसल्या, आणि हे आपले शांतपणे म्हणाले, "खुर्ज्याचा हाय." म्हणजे कप चिनी नाही, आपल्या इकडचाच आहे. जसं काही कोणी त्यांना तो चिनी म्हणून दिला होता!

सगळं सौंसर त्यांना काकाजी म्हणायचं, म्हणून मीही म्हणायचे. ते नापतोल विभागात इन्स्पेक्टर होते. उभी नोकरी दुकानदारांची वजनं तपासण्यात गेली. वजनाच्या पोटातलं शिसं काढलेलं, पारड्याखाली लोहचुंबक चिकटवलेलं, लिटरच्या मापाचं बुड ठोकून वर घेतलेलं, असलं सगळं पाहून पाहून त्यांचा जगावरचा विश्वासच उडाला होता. वस्तू खालून पाहिल्याशिवाय खरी मानायची नाही. रिटायर झाल्यावर वजनं सुटली, पण सवय सुटली नाही, आणि त्या सवयीला एक छंद येऊन चिकटला. जुनी चिनी भांडी गोळा करायचा. झिलई चढवलेली, शेकडो वर्षांपूर्वी जहाजातून आपल्याकडे आलेली. "मले आजवर कोणी फसवलं नाई," हे त्यांचं आवडतं वाक्य. ते दिवसातून दोनदा तरी कानावर पडायचंच.

मी मूळची पांढुर्ण्याची. शाळेत नोकरी लागली ती रामाकोन्याच्या पुढच्या एका खेड्यात, आणि पांढुर्ण्याहून रोज जाणं-येणं झेपेना म्हणून सौंसरला खोली पाहायला गेले. तेव्हा माझं लग्न झालेलं नव्हतं. काकाजींनी मला अंगणात उभं ठेवून आधी माझ्या चपला पाहिल्या, मग पिशवी पाहिली, मग नियुक्तीचं पत्र उन्हात धरून त्याची पाठही पाहिली.

"सही खरी हाय," ते म्हणाले. "दोन खोल्या तुमच्या. मोरी तुमची. गच्चीवर कपडे वाळवा. पण आतल्या खोलीकडे जायचं नाई."

"काहून?"

"तिथं गोरी असते."

बाई असेल कोणी, म्हटलं. बायको तर म्हणे नोकरीत असतानाच वारली होती, मूलबाळ नव्हतं. मग ही गोरी कोण? आणि असली तर दिसत का नाही? शेजारच्या मावशींना विचारलं, तर त्यांनी आधी इकडेतिकडे पाहिलं आणि मग म्हणाल्या, "आम्ही बी ऐकूनच हाओत, मॅडम. कोणी पाह्यली नाई. पण थो तिले अंघोळ घालते, बापा! मी कानानं ऐकलं. 'आज गोरीले कोमट पाण्यानं धुऊन राहिलो,' असं म्हणे फोनवर."

झालं. माझी झोप उडाली. मी दाराला कान लावायला लागले. आतून पाण्याचा आवाज यायचा, मग बराच वेळ काहीच नाही, मग काकाजींचा हळू आवाज, "अशी. अशी राहा." आईला फोनवर सांगितलं, तर ती पांढुर्ण्याहून ओरडली, "सामान बांध आणि आत्ताच्या आत्ता निघून ये! उद्या लोक तुलाच नावं ठेवतीन!" आईचं खरंच होतं. पण नोकरी नवी, प्रोबेशन चालू, आणि दुसरी खोली कुठे शोधायची? मी खोलीला आतून दोन कड्या लावायला लागले.

शेवटी मीच एक दिवस सरळ विचारलं. शनिवारी अर्धी शाळा करून आले, तर आतल्या खोलीचं दार उघडं आणि काकाजी पाठमोरे बसलेले. "काकाजी, ही गोरी कोण आहे? मला कळलंच पाहिजे. मी एकटी बाई इथे राहते."

त्यांनी वळून माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मीच चोर आहे. मग मांडीवरच्या फडक्यातून एक थाळी उचलून उजेडात धरली. पोपटी आणि राखाडी यांच्या मधल्या रंगाची, जाड काठाची, भाकरीच्या टोपल्याएवढी रुंद. मधोमध उठावाच्या दोन मासोळ्या एकीमागे एक फिरत होत्या. झिलई इतकी दाट की मासोळ्या पाण्यात आहेत असंच वाटावं.

"ही," ते म्हणाले.

"पण ही तर हिरवी आहे!"

"घोरी. घोरी म्हणतात या भांड्यायले, जुने लोक. घ ला घ. तुमच्या सौंसरनं गोरी केली, आता मी बी तेच म्हणतो." आणि मग पहिल्यांदा त्यांना हसताना पाहिलं. "लोकायले का वाटलं असन, मले मालूम हाय. वाटू द्या. बाई हाय असं वाटलं, तं चोर येत नाई."

त्या दिवशी मी एकटीच खोलीत बसून पोट दुखेपर्यंत हसले. आईला सांगितलं, तर ती म्हणाली, थाळीला अंघोळ घालणारा माणूस बाई ठेवणाऱ्यापेक्षा बरा की वाईट, ते तूच ठरव.

घोरीशिवाय त्यांच्याकडे आणखी दहाबारा वस्तू होत्या. सगळ्या संत्र्याच्या लाकडी पेट्यांत, तणसात घालून ठेवलेल्या. एक निळ्या वेलीची वाटी, एक तुटक्या चोचीची झारी, आणि काळपट तपकिरी रंगाचे तीन मर्तबान. मर्तबान म्हणजे आपण ज्याला बरणी म्हणतो, तोच. "मर्तबान हे बंदराचं नाव हाय," ते सांगायचे, "तिथून हे चिनी घडे जहाजानं इकडे यायचे. तुमची आई लोणचं घालते त्या भांड्याच्या नावामध्ये समुद्र हाय, मॅडमजी." असं काही ते बोलून जायचे आणि मग स्वतःवरच रागावल्यासारखे गप्प व्हायचे.

हे मर्तबान शोधायला ते उन्हाळ्यात गावोगाव फिरायचे. बोरगाव, लोधीखेडा, कुठे कुठे. लोणचं घालायच्या दिवसांत बरण्या उन्हात पडतात, धुतल्या जातात, तोच त्यांचा मोका. लोधीखेड्याला एका म्हातारीच्या अंगणात त्यांना तसली एक बरणी दिसली. खांद्यावर चार कान, झिलई ओघळून खाली थांबलेली. हे गेले, बरणी पालथी केली आणि बुडाला जीभ लावली. बिनझिलईची जुनी माती जिभेला कशी धरते त्यावरून त्यांना काहीतरी कळतं म्हणे. म्हातारीला काय कळणार? तिला वाटलं जादूटोणा. "माह्या लोणच्यावर का करून राहिला रे मेल्या!" म्हणून ती मुसळ घेऊन मागे लागली. काकाजी बस स्टँडपर्यंत पळाले. आल्यावर मला म्हणाले, "बरणी अस्सल हाय. म्हातारी बी अस्सल हाय." पुढच्या उन्हाळ्यात परत गेले. तिच्यासाठी स्टीलचा नवा डबा नेला. तिने डबा ठेवून घेतला, आणि बरणी काही दिली नाही.

आता जेवणाचं सांगते, कारण सगळी भानगड तिथेच झाली.

काकाजी एकटे, स्वयंपाक म्हणजे खिचडी आणि खिचडी. मला राहवायचं नाही. भाजी जास्त झाली की वाटीभर पाठवायचे. वाटी दुसऱ्या दिवशी घासून परत यायची, चांगली-वाईट एक शब्द नाही. सहाएक महिने असे गेले. एकदा मी पातोडीची भाजी द्यायला गेले आणि चटणी विसरले म्हणून लगेच मागे फिरले, तर काय दिसलं? काकाजींनी माझी भाजी चमचाभर घोरीवर ठेवली होती आणि समोर घड्याळ घेऊन बसले होते.

"हे काय चाललंय?"

ते दचकले. पण खोटं बोलले नाहीत, हे मानलं पाहिजे. जुन्या काळी बादशहा आणि सुलतान याच थाळीत का जेवायचे, तर घोरीवर जहर पडलं की ती रंग बदलते नाहीतर फुटते, असा समज होता. तेच ते करून पाहत होते. रोज. माझ्या प्रत्येक भाजीला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "सहा महिने! मी तुम्हाला सख्ख्या बापासारखं खाऊ घालते आणि तुम्ही माझ्या भाजीत जहर शोधता?"

"तुमच्यात नाई शोधत, मॅडमजी. मी कोणाच्याही—"

"ठेवा तुमची थाळी!" मी भाजी उचलून घरी आले आणि दोन महिने त्यांना काही पाठवलं नाही. बोलतही नव्हते. अहो, मी शाळेत पोरांच्या आधी घास खाणारी बाई! मध्यान्ह भोजनाचा नियमच आहे तो. बचत गटाच्या, आमच्याकडे ज्याला समूह म्हणतात त्याच्या बाया शिजवतात, आणि पोरांना वाढायच्या आधी मॅडमने खाऊन पाहायचं. आमच्या शाळेत ते काम माझ्याकडे होतं. रोजची डाळ आधी माझ्या पोटात जायची, मग पोरांच्या. आणि माझ्याच हातच्या भाजीची परीक्षा?

मग एक दिवस काकाजी स्वतःच गच्चीवर आले. मी कपडे काढत होते. ते कठड्याला टेकून उभे राहिले आणि माझ्याकडे न पाहता सांगायला लागले. नोकरीत असताना एका बाजाराच्या गावी त्यांनी एका मोठ्या व्यापाऱ्याची सगळी वजनं जप्त केली होती. पुढच्या बाजाराला तोच व्यापारी हसत आला, हात जोडले, आणि चहा पाजला. रात्रीतून काकाजी दवाखान्यात. तोंडातून फेस. सात दिवसांनी डोळे उघडले. "सिद्ध काई झालं नाई. चहाचा कप कोणीतरी धुऊन टाकला होता. माही बायको दवाखान्याच्या दारात बसून राहायची, पाण्याचा घोट बी आधी थे प्यायची, मंग मले द्यायची. थे गेल्यावर कोण चाखन? म्हणून मंग ही."

राग गेला असं नाही, पण धरून ठेवता येईना. दुसऱ्या दिवशी मी वांग्याची भाजी घेऊन गेले आणि म्हटलं, "आणा तुमची ती. मीच वाढते तिच्यावर. पाहा घड्याळ लावून." आणि मग तो रिवाजच पडला. मी चमचाभर घोरीवर वाढायचे, ते घड्याळ पाहायचे, मी मुद्दाम विचारायचे, "फुटली का?" ते म्हणायचे, "अजून नाई." मग ते स्टीलच्या ताटात घेऊन जेवायचे. मस्करीच होती ती. पण एकदाही त्यांनी तो चमचाभर घास चुकवला नाही. पुढे शेजारच्या मावशींनी हे पाहिलं, काकाजीही मग विचारील त्याला बादशहाची गोष्ट सांगायला लागले, आणि गोरी म्हणजे जहर ओळखणारी थाळी हे आजूबाजूच्या खेड्यांपर्यंत गेलं.

पौषातली गोष्ट. रविवार होता आणि थंडी अशी की टाक्याच्या पाण्यात हात घालवत नव्हता. मी गोळाभात केला होता. आमच्याकडचा गोळाभात माहीत नसेल त्याला सांगते, भातावर बेसनाचे गोळे शिजवायचे आणि वाढताना वरून मोहरी, हिंग, लाल मिरचीचं कडकडीत तेल ओतायचं. तेल गार झालं की मजा गेली. म्हणून मी भाताचं पातेलं एका हातात आणि तेलाची कढई दुसऱ्या हातात अशी त्यांच्याकडे गेले. शेजारच्या मावशी कढीपत्ता मागायला आल्या होत्या, त्याही मागे मागे. घोरी नुकतीच टाक्याच्या पाण्याने धुतलेली, ओली, थंडगार. मी भात ठेवला, दोन गोळे ठेवले, आणि सवयीने वरून पळीभर तेल सोडलं.

टण्ण करून आवाज झाला. दोन्ही मासोळ्यांच्या मधून थाळी उभी चिरली आणि दोन तुकडे दोन बाजूंना पडले.

काकाजींनी थाळीकडे पाहिलं, भाताकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे. ती नजर मी अजून विसरले नाही.

"का टाकलं होतं?" त्यांनी विचारलं.

"तेल! तेल टाकलं, काकाजी! मोहरी, हिंग—"

"माय वं!" मावशी किंचाळल्या. "गोरी फुटली! मॅडमच्या हातच्यानं फुटली!" आणि कढीपत्ता तिथेच टाकून त्या चालत्या झाल्या. काकाजींनी दोन तुकडे फडक्यात गुंडाळले, आत गेले आणि दार लावून घेतलं. मी तो भात उचलला आणि तिथेच उभी राहून त्यातला एक घास खाल्ला, पाहायला कोणी नव्हतं तरी.

संध्याकाळपर्यंत शाळेच्या पालकांच्या व्हाट्सअ‍ॅप ग्रुपवर आलं होतं. कोणी लिहिलं माहीत नाही. जहर पकडणारी इन्स्पेक्टर काकाजींची थाळी मॅडमच्या जेवणाने फुटली, एवढंच. खाली कोणीतरी लिहिलं, हीच मॅडम आमच्या पोरांचं जेवण पाहते ना?

सोमवारी निम्मी पोरं घरून डबे घेऊन आली. मंगळवारी जवळजवळ सगळीच. समूहाच्या बाया शिजवलेल्या डाळीकडे पाहत बसल्या. एका आईने माझ्या देखत आपल्या पोरीच्या हातातलं ताट काढून घेतलं आणि मला म्हणाली, "मॅडम, मनात नका आणू, पण एकुलती एक हाय." मनात नको आणू तर काय करू? हेडमास्तर भले माणूस, पण भित्रे. वरून विचारणा झाली होती. ते म्हणाले, "गुरुवारी पालकांची बैठक आहे. तोवर तुम्ही रसोईकडे जाऊ नका. बैठकीत पालक नाही म्हणाले, तर मला तसं वर लिहावं लागेल." वर तसं लिहून गेलं की प्रोबेशनवरच्या बाईचं काय होतं, ते मला माहीत होतं. नोकरी तर जाईलच, आणि पोरांना जहर देणारी मॅडम म्हणून नाव आयुष्यभर मागे लागेल. पांढुर्णा तरी किती लांब आहे?

बुधवारी संध्याकाळी मी काकाजींचं दार वाजवलं. दोन दिवस उघडत नव्हते. मी म्हटलं, "उघडता की तोडू?"

उघडलं. दाढी वाढलेली, हातात भिंग. टेबलावर दोन तुकडे. मी बोलायच्या आत त्यांनी मला हाताने बसवलं आणि एक तुकडा माझ्यासमोर धरला. "पाहा. आतली माती पाहा. दाट, राखाडी, साखरेच्या दाण्यावानी. अस्सल हाय, मॅडमजी. सहाशे वर्सं. मनात थोडी शंका होती इतके दिवस, आता मिटली. फुटल्याशिवाय आत पाह्यता येत नाई ना." त्यांचे डोळे भरून आले होते. "आणि हे पाहा, काठाकडे. तपकिरी रेघ. जुना केस होता तिले, केसाएवढी चीर. मले कधी दिसली नाई. थंड पाण्यावर गरम तेल पडलं आणि उघडली. तुमच्या भातात काईच नव्हतं."

"हे तुम्हाला कधी कळलं?"

"सोमवारी."

"सोमवारी! आणि तुम्ही दार लावून बसलात? उद्या माझी नोकरी जाऊन राहिली, काकाजी!"

"सांगतो नं लोकायले. चिरीचं सांगतो."

"तपकिरी रेघ दाखवणार तुम्ही गावातल्या लोकांना? ते काय म्हणतील? गोरी अस्सल आहे, काकाजी स्वतः सांगतात, म्हणजे जहरानेच फुटली! जोवर तुमची थाळी खरी, तोवर मी खोटी." आणि रागाच्या भरात माझ्या तोंडून निघून गेलं, "सांगा ना मग की नकली होती! फसलात म्हणा!"

ते ताडकन उठले. "नकली? ही? आणि मी फसलो?" त्यांनी दोन्ही तुकडे फडक्यात ओढून घेतले. "नागपूरले एक जण हाय, थो जोडते. दोनच तुकडे हायेत, सांधा दिसनार बी नाई. आणि तुम्ही म्हणता मी... मले आजवर कोणी..." वाक्य पुरं न करता त्यांनी दाराकडे बोट दाखवलं.

मी घरी येऊन सामान बांधायला घेतलं. रडत होते की शिव्या देत होते, आठवत नाही. दोन्ही असेल.

गुरुवारी बैठक शाळेच्या व्हरांड्यात होती. चाळीसेक आईबाप, हेडमास्तर, आणि मी एका बाजूला खुर्चीवर, जशी काही आरोपी. रसोईत डाळ-भात तयार होता, पण कोणी वाढत नव्हतं. हेडमास्तर बोलायला उठले, तेवढ्यात फाटकातून काकाजी आले. अंगावर नोकरीतला जुना खाकी कोट, बगलेत संत्र्याची पेटी. बसने आले असावेत, कोट धुळीने भरला होता. मला वाटलं, आले आता बुडावरची माती दाखवायला.

त्यांनी पेटी व्हरांड्यात ठेवली, फडकं उघडलं आणि दोन्ही तुकडे वर धरले. "हीच थे गोरी. जहरानं फुटते म्हणे. म्हणे म्हणजे मीच म्हणत होतो. ऐका. ही नकली हाय. मी भिंगानं पाह्यली, नकली हाय. मी फसलो."

मग मागून एक जण म्हणाला, "काकाजी, तुम्ही तं बादशहाची सांगत होते."

"सांगत होतो. नापतोलचा इन्स्पेक्टर फसला. हसा."

दोघंतिघं खरंच हसले. काकाजींचा चेहरा लाल झाला, पण ते तसेच उभे राहिले. पण शंका अशी जाते का? जिने पोरीचं ताट काढून घेतलं होतं, ती बाई उभी राहिली. "मॅडमले वाचवाले बोलून राहिले तुम्ही. घरातली किरायेदार हाय नं तुमची."

बरोबर होतं तिचं. मीही तिच्या जागी असते तर असंच म्हटलं असतं.

काकाजींनी तिच्याकडे पाहिलं. मग हातातल्या तुकड्यांकडे. "माही गोरी कोणाले हात लावू देतो का मी? सांगा. माशी बसू देतो का?"

"नाई," ती म्हणाली.

"मंग अस्सल असती, तं असं केलं असतं का?"

आणि त्यांनी एक तुकडा डोक्याच्या वर नेऊन व्हरांड्याच्या फरशीवर आपटला. मग दुसरा. मी "काकाजी!" म्हणून उठले. मला सांगता आलं असतं की काल संध्याकाळी हाच माणूस भिंगातून पाहून रडला होता, आणि तेवढंच मला सांगता येत नव्हतं. पोपटी तुकडे पोरांच्या चपलांपर्यंत उडाले. एका मासोळीचं शेपूट माझ्या पायाशी आलं. लोकांनी श्वास सोडल्याचा आवाज मला ऐकू आला. पटलं त्यांना. ती बाईसुद्धा मान हलवून खाली बसली.

काकाजी पोरांच्या पंगतीत जाऊन मांडी घालून बसले. एकटेच. "वाढा," म्हणाले, "भूक लागली." मी स्टीलचं ताट घेऊन गेले. भात वाढला, वरून डाळ घातली. त्यांनी ताटाचं बुड पाहिलं नाही, घड्याळ पाहिलं नाही. त्यांनी कालवलं आणि पहिला घास खाल्ला. मग एक पोरगी आली आणि त्यांच्या बाजूला बसली. मग तिचा भाऊ. मग सगळीच यायला लागली.

समूहातल्या एका बाईच्या मनात आलं, पोरांच्या पायात तुकडा जाईल. तिने झाडू आणला आणि तुकडे एकीकडे लोटले. बारीक, मोठे, सगळे. सुपलीत भरले आणि रसोईच्या मागे राखेच्या खड्ड्याकडे घेऊन निघाली. काकाजींचा हात ताटात थांबला. मान वळली, आणि ती बाई भिंतीआड जाईपर्यंत ते पाहत राहिले. खड्ड्यात तुकडे पडल्याचा आवाज आला. त्यांना थांबवता आलं असतं, एक शब्द पुरे होता. पण तो शब्द उच्चारला असता तर मी परत खोटी ठरले असते.

मी डाळीची बादली घेऊन त्यांच्यासमोर उभी होते. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मला ते पुसायचंही भान नव्हतं. काकाजींनी घास उचलला, तोंडात घातला, सावकाश चावला. मग ताट पुढे केलं.

"मॅडमजी," ते म्हणाले, "डाळ वाढा."

मी वाढली.